तासाला मिनिटं किती?

मध्यंतरी एका रविवारी आत्याचा फोन आला होता. पावसापाण्याचं, गुडघ्याचं, कोणाच्या लग्नाचं बोलून झाल्यावर तिने नेहमीचा प्रश्न टाकला, "काय गं, आठवड्याला किती तास शिकवतेस तू?"

"नऊ."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "नऊच? आणि बाकीचा आठवडा काय करतेस?"

आत्याचा राग नाही. ती एसटीच्या डेपोत हिशेबाच्या टेबलावर तीस वर्षं बसली, आकड्याला आकडा जुळला नाही की तिला चैन पडत नाही. पण त्या प्रश्नाने माझी मात्र झोप उडाली. रात्री उठून वही काढली आणि हिशेब मांडत बसले. हा लेख त्या वहीतून आलाय. त्यामुळे थोडी आकडेमोड सोसावी लागेल. आत्या, तू वाचशीलच, तुला तर मजाच येईल :)

आधी माझी ओळख, नव्याने आलेल्यांसाठी. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात, घड्याळी तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके घड्याळी तास शिकवले तितक्याचेच पैसे. कॉलेजात आमच्यासारख्यांना 'सीएचबी' म्हणतात. "त्या सीएचबी मॅडम कुठे गेल्या?" असं कोणी विचारलं की वाटतं ते माझं आडनावच आहे. सुट्टीचे पैसे नाहीत, परीक्षेच्या काळातले नाहीत, उन्हाळ्यातले तर नाहीतच. आठ वर्षं झाली.

तर झालं असं की जून २०२४ मध्ये आमच्याकडे नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि सगळे विषय क्रेडिटमध्ये बसवायची धांदल सुरू झाली. मला एक्सेल येतं. कॉलेजात एक्सेल येणं हा गुन्हा आहे, कारण त्याची शिक्षा लगेच मिळते. विभागप्रमुख सर म्हणाले, "मॅडम, जरा तेवढे तास क्रेडिटमध्ये बसवून द्या ना." त्या कामाचे पैसे नव्हते हे सांगायला नकोच, कारण ते काम कुठल्याच तासिकेत येत नाही.

नियम वाचायला घेतले. ते तसे सरळ आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास, पंधरा आठवड्यांच्या सत्रात पंधरा तास. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास, सत्रात तीस तास. त्याच्यावर २०२३ ची राष्ट्रीय क्रेडिट चौकट आहे. ती म्हणते वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. म्हणजे एका क्रेडिटला तीस तास.

आता तुम्ही म्हणाल, एकदा पंधरा आणि एकदा तीस, हे काय गौडबंगाल? गौडबंगाल नाही. ते तीस तास 'नोशनल' आहेत. मराठीत 'मानीव' म्हणू, सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणातलं मानीव. विद्यार्थी वर्गात बसतो ते पंधरा तास, आणि घरी वाचतो, टिपणं काढतो, गृहपाठ करतो, परीक्षेची तयारी करतो ते पंधरा तास धरून चाललेले. मुलगा खरंच घरी बसला की क्रिकेट खेळायला गेला हे कोणी बघत नाही, पण ते तास त्याच्या खात्यात धरले जातात.

हे मला मनापासून पटलं. शिकणं वर्गातल्या बाकावर संपत नाही हे सरकारने कागदावर मान्य केलं, यात चांगलंच आहे.

मग मी वेळापत्रक भरायला घेतलं आणि अडकले.

आमच्याकडची तासिका अजून अठ्ठेचाळीस मिनिटांची आहे. कॉलेजात ज्यांनी आयुष्य काढलंय त्यांना हे अठ्ठेचाळीस माहीत आहे. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवायचं असतं, सोळा तासांची ९६० मिनिटं होतात, त्याला अठ्ठेचाळीसने भागलं की बरोब्बर वीस तासिका येतात. हिशेबाला सोपं.

दोन क्रेडिटच्या थिअरीला तीस तास हवेत. तीस तास म्हणजे १८०० मिनिटं, म्हणजे साडेसदतीस तासिका. वेळापत्रकात मात्र आठवड्याला दोन तासिका, पंधरा आठवडे, एकूण तीस. दर तासिकेमागे बारा मिनिटं कमी, तीस तासिकांमागे ३६० मिनिटं. म्हणजे सहा तास हवेत विरले. मी सरांना दाखवलं. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, एक तास म्हणजे एक तासिका. एवढं खोलात जाऊ नका."

बरं. नाही गेले खोलात. क्रेडिटच्या रकान्यात तीस तास लिहिले.

महिनाअखेर बिल भरायला बसले. सवयीने एक तासिका म्हणजे एक तास असं धरलं. कार्यालयातून बिल परत आलं. त्यावर पेन्सिलने लिहिलं होतं की दर घड्याळी तासाचा आहे, तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची आहे, त्याप्रमाणे रूपांतर करून आणा. म्हणजे तीस तासिकांचे चोवीस तास.

बघा हं. वर्ग तोच, फळा तोच, घंटा तीच. मुलांच्या क्रेडिटसाठी ती तासिका साठ मिनिटांची आणि माझ्या पैशासाठी अठ्ठेचाळीस मिनिटांची! एकाच कॉलेजच्या एकाच कपाटातल्या दोन फायलींत एका तासाची दोन वेगवेगळी मिनिटं. ज्यांना वाटतं की तासांचं क्रेडिटमध्ये रूपांतर करणं हा नुसता गणिताचा प्रश्न आहे, त्यांना माझ्या या दोन फायली दाखवाव्यात. भागाकार कुठला करायचा आणि कुठला नाही, हे गणित ठरवत नाही, कोणाचं चालतं ते ठरवतं.

पण खरं सांगू? बारा मिनिटांचं दुःख मी केव्हाच गिळलंय. मला लागलं ते वेगळंच.

विद्यार्थ्याने वर्गाबाहेर केलेला अभ्यास धरायचा, हे तत्त्व मान्य झालं ना? मग त्याच वर्गात त्याच्यासमोर उभं राहणाऱ्या माणसाने वर्गाबाहेर केलेलं काम कुठे गेलं? तो पंधरा तास वर्गात बसला की त्याचे तीस मोजायचे. मी पंधरा तास शिकवलं की माझे पंधराच (आणि अठ्ठेचाळीसने भागले तर बाराच). त्याचा अभ्यास मानीव आणि माझी तयारी म्हणजे काय, हवा?

आत्याच्या फोननंतर मी चार आठवडे वहीत रोजचा वेळ लिहिला. त्यातला एक साधारण आठवडा इथे देते. शिकवण्याचे तास नऊ, हे बिलातले. शिकवायची तयारी सहा तास, कारण नव्या अभ्यासक्रमात निम्मे धडे नवे आहेत. जर्नल तपासणं तीन तास. दोन बॅचेसची मिळून चव्वेचाळीस जर्नल्स, प्रत्येकाला चार मिनिटं, आत्या गुणाकार करून बघ. प्रात्यक्षिकाचं सामान गोळा करणं दोन तास. शेवाळ, नेचे, जास्वंदीच्या कळ्या हे दुकानात मिळत नाही, सकाळी ओढ्याकाठी जाऊन आणावं लागतं. अंतर्गत परीक्षेचे पेपर काढणं-तपासणं अडीच तास. ऑनलाइन हजेरी आणि माहिती भरणं एक तास. झाले साडेतेवीस. पैसे नवाचे.

म्हणजे आत्या, बाकीचा आठवडा मी हे करते.

प्रात्यक्षिकाची आणखी एक गंमत आहे. थिअरीच्या क्रेडिटला पंधरा तास पुरतात, प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटला तीस तास लागतात. कारण काय, तर प्रयोगशाळेत सगळं काम तिथल्या तिथे होतं, घरी काही करावं लागत नाही, असं धरलंय. ज्याने कोणी हे धरलं त्याने आयुष्यात एकदाही जर्नल लिहिलेलं नसावं! खोडाच्या आडव्या छेदाची आकृती, शिसपेन्सिल, नावं द्यायच्या त्या रेघा सरळ, एका बाजूला... माझ्या मुली हॉस्टेलवर रात्री अकरा वाजेपर्यंत हे करत असतात. ते त्यांच्या क्रेडिटमध्ये नाही. आणि त्या आकृत्या तपासणं माझ्या बिलात नाही. वर प्रात्यक्षिकाच्या तासाचा दर थिअरीहून कमी. हाताने करायच्या कामाला आपल्याकडे सगळीकडे कमी किंमत, मग ते विद्येच्या घरात तरी का वेगळं असेल.

सप्टेंबरमध्ये आम्ही मुलांना घेऊन कास पठारावर गेलो होतो. पहाटे सहाला निघालो, परत यायला संध्याकाळचे सात. अठ्ठावीस मुलं, एक सर आणि मी. सीतेची आसवं फुललेली होती, जांभळी-निळी, गुडघ्याएवढीही नाहीत. मी एका मुलीला खाली वाकायला लावलं आणि सांगितलं की या नाजूक फुलाचं झाड कीटकभक्षी आहे, ओल्या मातीत याच्या बारीक पिशव्या असतात, त्यात अगदी सूक्ष्म जीव अडकतात. ती म्हणाली, "मॅडम, हे पुस्तकात होतं, पण ते हे आहे होय!" तेरा तासांच्या त्या दिवसात ते एक वाक्य. एवढ्यासाठी तर मी ही नोकरी सोडत नाही.

त्या तेरा तासांचे मला किती मिळाले? शून्य. तो शनिवार होता आणि शनिवारी वेळापत्रकात माझी तासिका नव्हती.

मुलांना मिळालं का क्रेडिट? क्षेत्रभेटीलाही नियम आहे, तीस तासांना एक क्रेडिट. तेरा तास म्हणजे अर्ध्याहून कमी, म्हणून ते 'समाविष्ट उपक्रम' या गोड नावाखाली गेलं. तिथेच कारवीची झुडपं होती. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. तिला कोणी विचारत नाही की बाई, पंधरा आठवड्यांच्या सत्रात तुझं काय झालं?

इथे कोणी विचारेल, मग तुमचं म्हणणं काय, मापच नको? असं अजिबात नाही. माप हवं, आणि क्रेडिट हे मला आवडलेलं माप आहे. माझी एक विद्यार्थिनी, पहिलं वर्ष झाल्यावर घरच्यांनी लग्न लावून दिलं. जुन्या पद्धतीत तिचं ते वर्ष पाण्यात गेलं असतं. आता तिचे क्रेडिट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ॲकॅडमिक बँकेत जमा आहेत, जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. (कारवीसारखंच!) ती मला मेसेज करते, "मॅडम, मुलगी बालवाडीत गेली की परत येते." तिच्यासाठी तरी ही व्यवस्था राहिली पाहिजे. मापाशी माझं भांडण नाही, मापात मारण्याशी आहे. वाण्याकडे तराजू असतोच, आपण काटा कुठे आहे ते बघतो.

आणि हा काटा जगभर हलत असतो, हेही सांगायला हवं. माझा भाचा जर्मनीत शिकायला जायच्या खटपटीत आहे, त्याच्यामुळे हे कळलं. युरोपात एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम आणि वर्षाला ६० क्रेडिट. इंग्लंडमध्ये एक क्रेडिट दहा तासांचं. अमेरिकेत तर आणखी मौज. तिथे वेल्डिंग, केशकर्तन असले घड्याळी तासांवर चालणारे अभ्यासक्रम सरकारी आर्थिक मदतीसाठी क्रेडिटमध्ये बदलावे लागतात. आधी साडेसदतीस तासांना एक क्रेडिट होतं, जुलै २०२१ पासून तीस तासांना एक. म्हणजे नऊशे तासांचा जो अभ्यासक्रम आधी २४ क्रेडिटचा होता तो एका रात्रीत ३० चा झाला. वेल्डिंग शिकवणारा तोच, ठिणग्या त्याच. जिथे कोणाला तरी बदलावंसं वाटलं तिथे भाजक बदलला. म्हणजे तो बदलता येतो! आमच्याच बाबतीत तो दगडावरची रेघ का?

आता या सगळ्यातली सर्वात कडू गोष्ट. तासांनी शिक्षण मोजायची ही पद्धत आली कुठून हे शोधत होते. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी या अमेरिकन पोलादसम्राटाने एक कोटी डॉलर दिले. कशासाठी? कॉलेजातल्या शिक्षकांना म्हातारपणी पेन्शन मिळावं म्हणून. पण कोणतं कॉलेज खरं कॉलेज हे ठरवायचं कसं? तर प्रवेशासाठी शाळेत ठरावीक तास शिकलेला विद्यार्थी हवा, असा निकष लावला. एका विषयाचे वर्षभरातले साधारण १२० तास म्हणजे एक युनिट, अशी चौदा युनिटं. पेन्शन हवं म्हणून कॉलेजांनी भराभर ते माप स्वीकारलं. पुढे १९१० मध्ये त्याच संस्थेसाठी मॉरिस कुक नावाच्या इंजिनिअरने कॉलेजांची पाहणी करून 'विद्यार्थी-तास' हे एकक सुचवलं, कारखान्यातला खर्च मोजतात तसं. शंभर वर्षांनी, २०१५ मध्ये, कार्नेगींच्या संस्थेनेच अहवाल काढून म्हटलं की हे माप वेळेचं आहे, शिकण्याचं नाही, पण त्याच्या जागी सगळीकडे चालेल असं दुसरं माप अजून नाही.

कळलं ना? जे माप शिक्षकाला म्हातारपणी दोन घास मिळावेत म्हणून रूढ झालं, त्याच मापाच्या आजच्या अवताराखाली आम्ही असे शिक्षक उभे आहोत ज्यांना पेन्शन तर सोडाच, मे महिन्याचा पगारही नाही. वाचून मला हसावं की रडावं कळेना. शेवटी चहा करून घेतला.

बरं, रडून काय होणार. माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि त्या कोणालाही समजतील इतक्या साध्या आहेत.

पहिली, तासिका एकदा ठरवा. साठची म्हणा नाहीतर अठ्ठेचाळीसची, पण दोन्ही फायलींत एकच लिहा. मुलांना साठची सांगत असाल तर मला साठचे पैसे द्या. मला अठ्ठेचाळीसचे देत असाल तर मुलांना सांगा की तुमचे सहा तास आम्ही शिकवलेच नाहीत, आणि ते भरून काढा.

दुसरी, प्रात्यक्षिकाच्या क्रेडिटमध्ये जर्नलचा वेळ धरा, आणि क्षेत्रभेटीचा तास हा तास माना. तेरा तास चालून आलेल्या मुलांना 'समाविष्ट उपक्रम' म्हणू नका.

तिसरी, आणि यावर मी हटणार नाही. विद्यार्थ्याला जो न्याय तोच शिक्षकाला. वर्गातल्या दर तासामागे त्याचा एक मानीव तास धरता, माझाही एक धरा. माझा खरा हिशेब नवाला साडेचौदा आहे, पण मी एकावर एकच मागतेय, घासाघीस आधीच करून ठेवलीय.

"पैसे कुठून आणायचे?" असं विचारतील. माहीत आहे. पण निदान कागदावर तरी लिहा. विद्यार्थ्याच्या मानीव तासाला तरी कुठे पैसे लागतात? नुसतं कबूल करायला काय जातं? जातं खरं तर. एकदा लिहिलं की ते मोजलं जातं, आणि मोजलं की द्यावं लागतं. म्हणून तर लिहीत नाहीत.

पूर्णवेळ असलेल्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. हे वाचून "तुमचं खरंच वाईट वाटतं हो" असं म्हणू नका. तुमच्या विभागाच्या पुढच्या बैठकीत वेळापत्रक समोर आलं की फक्त एवढंच विचारा, "या तासाला मिनिटं किती धरलीत?" बाकी आम्ही बघू.

असो. खूप झालं. उद्या सकाळी ओढ्यावर शेवाळ आणायला जायचंय, बिनपगारी :)

ता. क. - हे लिहून झाल्यावर आत्याला फोन करून वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकलं, गुणाकार तपासला (१७६ मिनिटं, म्हणजे तीन तासांना चार कमी, असं म्हणाली!). मग म्हणाली, "अगं, आमच्या कंडक्टरचंसुद्धा असंच होतं का? गाडी डेपोत लागल्यावर कॅश मोजायची, भरायची, सही करायची. ते सगळं ड्यूटीत धरत होते की." मी शोधलं तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात तसं खरंच लिहिलेलं होतं. कामाचे तास म्हणजे फक्त गाडी धावण्याचे तास नव्हेत, पैसे भरणं, कागद देणं, रजिस्टरवर सह्या, हे सगळं त्यात धरलेलं.

आत्या थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तू साडेतेवीस तास शिकवतेस असं सांगत जा ना लोकांना."

आजपासून तसंच सांगणार आहे.